डोक्यावरची रेघ

माझं लग्न होऊन मी डिचोलीहून इब्रामपूरला आले, तेव्हा माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही हे मला पहिले चार महिने कळलंच नाही. त्यांनी ते फार शिताफीने सांभाळलं होतं. सकाळी पेपर आला की त्या तो आधी स्वतःच्या हातात घ्यायच्या, झटकायच्या, पहिल्या पानावरचे फोटो नीट बघायच्या आणि मग माझ्याकडे देत म्हणायच्या, “माझो चष्मो खंय पडलो कोण जाणा, तूच वाच.” गोळ्यांची पाकिटं त्या रंगावरून ओळखायच्या. बँकेत सही करायची वेळ आली की माझ्या नवऱ्याला तुयेच्या फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावून सोबत न्यायच्या. त्यामागे दुसरं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

मी तेव्हा म्हापशात एका छोट्या जाहिरात कंपनीत कामाला होते. दुकानांच्या पाट्या, हॉटेलांची मेनूकार्डं, रस्त्याकडेची मोठी होर्डिंगं, लोणच्याच्या बरण्यांवरची लेबलं असं सगळं आम्ही करायचो. अक्षरं काढणं हेच माझं काम. लहानपणापासून त्याचं वेड होतं आणि शिकलेही तेच.

एकदा बाजाराच्या दिवशी सासूबाई सोलं, म्हणजे आमसुलं, विकायला म्हापशाला आल्या होत्या. दुपारी माझ्या ऑफिसात डोकावून, “मी जातंय हां घरा,” असं सांगून निघाल्या. मी संध्याकाळी घरी पोचले तर त्या आलेल्याच नव्हत्या. अंधार पडता पडता आल्या. गाडी बंद पडली म्हणाल्या आणि सरळ चुलीपाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात आम्ही दोघीच कपडे वाळत घालत होतो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

“काल गाडी बंद पडाक नाय. मी डिचोलीच्या गाडयेत बसलंय.”

“पण का?”

“रंग तोच होतो. कंडक्टर चाय पिवक गेल्लो. कोलवाळचो पूल येवक नाय, तेव्हा माका कळला.”

डिचोलीच्या स्टँडवर त्या दोन तास बसून होत्या. स्टँडपासून माझं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. तिथे का गेला नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या आवशीक काय सांगू? तिच्या विहिणीक गाडयेची पाटी वाचूक येणा नाय म्हणान?”

मग हातातलं लुगडं दोरीवर टाकून त्या माझ्याकडे वळल्या. “माका गाडयेच्यो पाट्यो वाचूक शिकव. पुस्तक-बिस्तक माका नको. आणि कोणाक सांगा नको हां.”

मी म्हटलं, “शिकवते. पण तुम्ही—”

“तां ‘तुम्ही’ आधी बंद कर. शिकवणारीच जर ‘तुम्ही’ म्हणाक लागली तर माका काय शिकाक जमाचा नाय.”

त्या दिवसापासून ती माझी ‘आई’ झाली, आणि ‘तू’ झाली.

आई मूळची दोडामार्गाच्या पलीकडची, सिंधुदुर्गातली. तेरा-चौदा वर्षांची असताना गावातल्या चार बायांबरोबर डिचोलीच्या बाजूला खाणीवर यायची, खनिजाच्या टोपल्या उचलायला. हजेरीच्या वहीत अंगठा उठवायचा. तिथेच काम करणाऱ्या एका बाईने इब्रामपूरचं स्थळ सांगितलं आणि ती लग्न होऊन शेतीच्या घरात आली. शाळेत ती कधी गेली नाही. शाळेबद्दल बोलायचीही नाही.

रविवारी दुपारी, माझा नवरा झोपला की, आम्ही ओसरीवर बसायचो. ती कदेल ओढून घ्यायची, म्हणजे खुर्ची, आणि मी खाली जमिनीवर खडूने लिहायचे. ‘अ’पासून सुरुवात केलीच नाही. पहिला शब्द ‘पेडणे’. मग ‘इब्रामपूर’, ‘चांदेल’, ‘डिचोली’. ‘म्हापसा’ शिकताना तिची फार चिडचिड झाली. त्यातल्या अर्ध्या अक्षराला ती ‘मोडको म’ म्हणायची. “ह्येचो पाय कोणी मोडलो?” असं तिने विचारल्यावर मला हसू आवरेना. पण ती तो मोडका म ओळखायला शिकली, आणि मग जोडाक्षर दिसलं की आनंदाने ओरडायची, “हो बघ मोडको!”

खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे निम्म्या पाट्या रोमी अक्षरांत असतात. तिला ती आणि ही वेगळी कशी कळणार? म्हणून मी तिला एक खूण सांगून ठेवली. ज्या अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ आहे ती आपली, ती वाचायची. ज्यांच्या डोक्यावर रेघ नाही ती इंग्रजी, ती सोडून द्यायची. तिला ते एकदम पटलं. “म्हणजे कपाळार कुकू आसा ती आमची,” ती म्हणाली.

सात-आठ महिन्यांत ती वाचायला लागली. आणि काय वाचायला लागली! मी शनिवारी उशिरा कामावर जायचे, त्या दिवशी पेडण्यापर्यंत आम्ही एकाच गाडीने जायचो. ती कायम जनेलाकडे, म्हणजे खिडकीशी, बसायची, आणि इब्रामपूर सुटल्यापासून जे जे दिसेल ते मोठ्याने वाचायची. “सावकाश चला.” “पुढे शाळा आहे.” “येथे कचरा टाकू नये.” “ताजी कोंबडी मिळेल.” रोमी पाटी आली की मान हलवून, “तां आमचां न्हय,” आणि पुढच्या पाटीची वाट बघत बसायची. तिचा आवाज तसा जाडाभरडा होता, आणि वाचताना ती प्रत्येक अक्षर दाबून म्हणायची, पाट्यावर चटणी वाटल्यासारखं. सुरुवातीला मला लाज वाटायची. गाडीतले लोक वळून बघायचे. पुढे पुढे गाडीतल्या बायकाच तिला विचारायला लागल्या. “गो, थंय नवीन काय लिवलांसा?” एकीने तिला मास्तरीण हे नाव ठेवलं ते कायमचं. गावात ती खोटं खोटं रागवायची त्या नावावर, पण घरी आल्यावर मला सांगायची, आज कोणी कोणी मास्तरीण म्हटलं ते.

आज कोणी मला विचारलं की तुला काय परत हवंय, तर मी त्या शनिवारच्या गाड्या मागेन. दुसरं काही नाही.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या पठारावर विमानतळ सुरू झाला आणि आमच्या ऑफिसात कामाचा पूर आला. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं काम माझ्याकडे होतं. योगासनं, तेलाचं मालीश, नारळाच्या झाडाखाली ध्यान, अशातलं ते ठिकाण. मालकीण पुण्याची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बोलायला अतिशय गोड. रिसॉर्टचं नाव आपल्याच भाषेतला, विसाव्याच्या अर्थाचा शब्द होता. ते नाव रोमी अक्षरांत हवं होतं, पण ‘भारतीय दिसायला’ हवं होतं.

ते कसं करतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. रोमी अक्षरं घ्यायची, वरून एक आडवी रेघ मारायची आणि तिला एकेक अक्षर टांगायचं. तयार फॉन्टही मिळतात तसले. पण मला तयार काही नको होतं. मी तीन दिवस बसून ती अक्षरं हाताने काढली. एकाला ‘त’ची शेपटी दिली, एकाला ‘ठ’चं पोट, एकाला ‘ग’सारखा बाजूला काना. दुरून पाहिलं तर देवनागरी, जवळ जाऊन वाचलं तर इंग्रजी. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली. मालकिणीने फोन करून सांगितलं, “अगं, किती सुंदर! अगदी मातीतलं वाटतंय.” मी खूश होते. खोटं कशाला सांगू, त्या वर्षीचं माझं सगळ्यात आवडतं काम होतं ते.

होर्डिंग लागलं ते विमानतळाच्या रस्त्याला, जिथे आमची पेडण्याची गाडी वळते तिथेच.

तो शनिवार. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी त्या वळणावर थांबून राहिली. समोर होर्डिंग. निळं आभाळ, समुद्र, पाठमोरी बसलेली एक बाई, आणि वर माझी अक्षरं, माणसाच्या उंचीची. मी मनात म्हटलं, आता आईला सांगते की हे मी केलंय. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या शेजारणीने विचारलं, “मास्तरणी, ह्यां काय गो येवडां मोठां?”

आईने वर बघितलं. रेघ बघितली. घसा खाकरला.

“ठ,” ती म्हणाली. मग थांबली. “ठ... न्हय. त. त आणि...” तिने डोळे बारीक केले. पदराने डोळे पुसले. परत वर बघितलं. ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यावर आली, दोनदा तीनदा.

“काय गो, मास्तरीण गप कशी?” शेजारीण हसली. दुसरीही कोणी हसली. त्यात वाईट हेतू काही नव्हता, थट्टा होती.

मी तिच्या शेजारीच बसले होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. आई, ती आपली अक्षरं नव्हेत, ती इंग्रजी आहेत, मी त्यांना आपले कपडे घातलेत. एवढं एक वाक्य. पण सगळ्या गाडीसमोर ते सांगायची मला लाज वाटली, आणि माझ्या लाजेपायी मी तिची लाज तशीच राहू दिली. गाडी सुटली. वाटेत “सावकाश चला” आलं, तेही तिने वाचलं नाही.

त्यानंतर तिने दोन दिवस पेपर हातात घेतला नाही. नवऱ्याला वाटलं तिचं अंग मोडून आलंय. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मी ओसरीवर आले तर ती खाली जमिनीवर बसली होती. शेजारच्या घरातून कुणाचं तरी पहिलीचं पुस्तक मागून आणलं होतं. ज्या बाईला पुस्तक नको होतं, ती ‘अ’वर बोट ठेवून बसली होती, आणि मग ‘आ’वर. मला बघून तिने पुस्तक मिटलं नाही.

“सगळां इसारलंय गो मी,” ती म्हणाली. “त्या दिसा एक अक्षर लागाक नाय. डोळे बरे आसत. मगे डोक्यातलांच गेला असतला. ह्या वयार शिकलेलां ऱ्हवणा नाय.”

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. ती पाटी मी केलीय. ती अक्षरं इंग्रजीच आहेत. त्यांच्या डोक्यावर रेघ मी ओढलीय.

तिला ते समजायला वेळ लागला. मी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. आधी साधी रोमी अक्षरं, मग त्यांच्यावर रेघ, मग शेपट्या. ती वाकून बघत राहिली.

“म्हणजे वाचूक येवचीच नाय अशी?”

“ज्यांना इंग्रजी येतं त्यांना वाचता येतात.”

“त्येंका येता. मगे रेघ कोणाक दाखवूक?”

“त्यांनाच. आपल्याकडची वाटावी म्हणून.”

“आणि लिवलांसा काय?”

मी तो शब्द सांगितला. ती चकित झाली. रोजच्या बोलण्यातला शब्द. शेतातून आल्यावर बांधावर बसताना ती स्वतः म्हणायची तो.

“ह्यां तर माका येता! मगे तसांच कित्याक नाय लिवलंस?”

मी विचारलं, “आई, तुला वाईट वाटलं? राग आला माझा?”

तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. “राग कसलो? तुझां काम तां. पण माका कसां झाला सांगू? कोणीतरी नाव घेवन हाक मारल्यान, मी धावत गेलंय, आणि दार लायल्यान.”

ती उठून भाताला आधण ठेवायला गेली. खडूची अक्षरं पुसायला मला नंतर ओला फडका घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात साहेबांशी बोलले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “अगं, दुरून येणाऱ्याला कळायला नको का, आपण भारतात आलोय ते?”

“विमानातून उतरल्यावर आणखी कुठे आलोय असं वाटणार त्याला?”

ते हसले. “हे बघ, आपण कुणाचा अपमान थोडाच केलाय? कौतुकच केलंय. तुझ्या सासूबाईंचं मला वाईट वाटतं. पण ती पाटी त्यांच्यासाठी नव्हतीच.”

हे त्यांनी सहज म्हटलं. पण दिवसभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाटी उभी आमच्या रस्त्यावर, अंगावर कपडे आमच्या अक्षरांचे, आणि ती आमच्यासाठी नव्हती.

मग मला माझी बाकीची कामं आठवायला लागली. ऑफिसच्या खालीच नूडल्स विकणारी एक गाडी होती. तिची लाल पाटी मीच केली होती, ब्रशने फटकारे मारल्यासारखी अक्षरं, टोकाला अणकुचीदार, चिनी वाटावीत अशी. तिथला आचारी बारीक डोळ्यांचा, हसरा माणूस. मी त्याच्याकडे तीन वर्षं जेवत होते. त्या दुपारी मी त्याला विचारलं, या पाटीवरच्या अक्षरांचं तुला कधी वाईट वाटलं का?

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो मोठ्याने हसला. “दीदी, मैं तो दार्जिलिंग का हूँ। नेपाली बोलता हूँ।” त्याने ऑर्डर लिहायची वही माझ्यापुढे धरली. वहीभर बारीक, नेटकी देवनागरी. माझ्या अक्षरापेक्षा चांगली. “लोग बोर्ड देखते हैं, फिर मेरा मुँह देखते हैं, बोलते हैं चीनी है। बोलने दो।” तो परत कढईकडे वळला. त्याच्या पाठीमागे माझी लाल अक्षरं होती. तीन वर्षांत मी त्याला तो कुठला हे विचारलं नव्हतं. पाटीनेच मला सांगून टाकलं होतं, आणि पाटी मी केली होती.

मी धीर करून रिसॉर्टच्या मालकिणीला फोन लावला. नाव बदलायला सांगण्याची माझी हिंमत नव्हती. मी एवढंच म्हटलं की खाली, लहान का होईना, तेच नाव खऱ्या देवनागरीत घालू या. मी फुकट काढून देते.

“किती गोड कल्पना आहे गं,” त्या म्हणाल्या. “होर्डिंगवर नको, गर्दी होईल. पण रिसॉर्टवर एक मराठी पाटी मला हवीच होती. मजकूर पाठवते.”

त्यांनी पाठवलेला मजकूर होता: ‘कामगारांनी या दाराने यावे. चपला बाहेर काढाव्यात.’

मी तो दोन-तीनदा वाचला. नाही म्हणता आलं असतं. पण शब्द मीच दिला होता. मी ती पाटी केली, आणि जीव लावून केली. सागवानी फळीवर पांढरा रंग. ‘म’चा पोटातला गोल, ‘र’चा पाय, सगळं जिथल्या तिथे. मी काढलेल्या अक्षरांतली ती सगळ्यात सुरेख, असं मला अजूनही वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात मालकिणीने विचारलं, घरची सोलं मिळतील का? आईने मोठी पिशवी भरली आणि म्हणाली, मीच येतंय, माका दर्या बघूक गावतलो. मी तिला घेऊन गेले. पुढच्या दाराशी पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. रखवालदाराने आमच्या हातातली पिशवी बघून मागची वाट दाखवली. आम्ही कुंपणाला वळसा घालून मागे गेलो.

आई दारासमोर थबकली. वर पाटी.

मी तिचा हात धरून पुढे नेणार होते. पण तिने हात सोडवून घेतला. तिने डोक्यावरची रेघ बघितली. आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, विचारलं, “ह्यां खरां मा?”

“खरं आहे,” मी म्हटलं.

मग तिने वाचलं. त्याच जुन्या आवाजात, प्रत्येक अक्षर दाबून. “का-म-गा-रां-नी या दा-रा-ने या-वे.” तिचा चेहरा उजळला. “चप-ला बा-हेर... का-ढा-व्या-त. हो बघ, व्या! मोडको!” आतून भांडी घासणारी एक बाई बाहेर आली आणि बघत राहिली. आईने वाकून चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि पिशवी घेऊन आत गेली.

ती परत येईपर्यंत मी बाहेरच उभी होते. येताना गाडीत ती खुशीत होती. “सगळां वाचलंय मी, एक अक्षर अडाक नाय,” असं तिने माझ्या नवऱ्यालाही सांगितलं. काय वाचलं हे तिने सांगितलं नाही. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. दार कुठलं का असेना, उघडं होतं.

ती पुन्हा वाचायला लागली, हे खरं. पण पहिल्यासारखं नाही. गाडीत नवी पाटी दिसली की आधी माझा हात दाबायची, “ह्यां खरां मा?” मी हो म्हटल्यावरच सुरुवात करायची. मी बरोबर नसले तर वाचायचीच नाही, असं शेजारीण सांगायची. बायकांनीही हळूहळू विचारणं सोडलं. होर्डिंगचं कंत्राट संपलं, तिथे बंगल्यांची जाहिरात लागली, मग दुसरंच काहीतरी. आईची ती सवय गेली नाही.

दोन वर्षांनी नवऱ्याला मुरगावला बंदरात चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे भाड्याच्या जागेत गेलो. आईला खूप विनवलं. ती आठ दिवस राहून गेली. “हांगा सगळीकडे जहाजां आणि पायऱ्यो,” म्हणाली, आणि शेताला पाणी लावायचं निमित्त काढून परतली. फोन रोज व्हायचा. मी म्हापशाचं काम सोडलं, घरूनच थोडंफार करते. डोक्यावर रेघ ओढलेली अक्षरं मी दोन वेळा नाकारली. तिसऱ्या वेळी मैत्रिणीच्या भावाचं हॉटेल होतं, तेव्हा काढून दिली. मी कुणी मोठी शहाणी झाले असं नाही. फक्त काढताना हात जड होतो.

गेल्या वर्षी आई गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, चार दिवसांत आटोपलं. मी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती.

मुरगावहून पणजीला जाताना मी जनेलाकडे बसते. पाट्या येतात आणि जातात. कधी कधी मी त्या मनात तिच्या आवाजात म्हणून बघते, पण तो आवाज आता बरोबर लागत नाही, कुठेतरी माझाच मिसळतो. तिचा आवाज मी कधी मोबाईलमध्ये धरून ठेवला नाही. एवढ्या शनिवारांत एकदाही सुचलं नाही. ज्या आवाजाची मला गाडीत लाज वाटायची, त्यासाठी आता मी गाडीत कान देऊन बसते.

ती गेल्यानंतर बाराव्या दिवशी इब्रामपूरचं घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. चहा टाकायला मी तिच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवर एकसारखे पितळेचे नऊ डबे, ओळीने. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात राहून मी कधी बघितलंच नव्हतं. मी मागितलं की ती न बघता योग्य तो डबा काढून द्यायची. मी पहिला उघडला, त्यात मेथी. दुसऱ्यात कुळीथ. तिसऱ्यात सोलं, त्यांचा वास एकदम नाकात गेला. बाहेरून नवऱ्याने हाक मारली, “चहाचं काय झालं?”

“थांब,” मी म्हटलं, “साखर शोधतेय,” आणि चौथ्या डब्याला हात घातला.